दुपारचा पंखा

हरिबाला आपल्या विजेचा भारी तोरा होता. जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागात मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला हा गडी कोयनेच्या वीजघरात मदतनीस म्हणून लागला आणि केस पिकेपर्यंत तिथंच रमला. तिन्हीसांजेला घरातला बल्ब लावला की हात जोडून 'कोयनामाई' म्हणायचं, ही त्याची रीत. पाण्यावरची वीज, धूर नाही की राख नाही. जावई अमृत विदर्भातल्या कोळशाच्या वीजकेंद्रात होता. त्याला हरिबा येता-जाता डिवचायचा, की पावनं, तुमची वीज काळी, आमची दुधावानी. अमृत बिचारा हसून सोडून द्यायचा.

त्या वैशाखात लेक विजयमाला माहेरी आली ती पोरीचा खोकला घेऊनच. तिकडं दोरीवरची धुणी वाळेपर्यंत राखेनं करडी होत आणि चिमुरड्या स्वप्नालीची छाती सारखी घरघरे. खोकला बसेपर्यंत पोरीला इथं ठेवून घ्या, एवढंच विजयमालेचं मागणं होतं.

हरिबा दुपारचा जेवायला घरी आला होता. धरणात पाणी कमी, म्हणून दिवसा वीजघरातली यंत्रं थांबवून पाणी संध्याकाळसाठी राखत होते. जावयाला पोर सांभाळता येईना असं लोक म्हणतील, असं काहीबाही पुटपुटत तो शेवटी बोलून गेला, "ज्याचा धूर, त्यानंच सोसावा." आजा असून असं बोलला. जिभेला हाड नसतं हेच खरं.

विजयमालेनं वर पाहिलं. पंखा फिरत होता आणि त्याच्याखाली स्वप्नाली कधी नव्हे ती शांत झोपली होती.

"आबा, तुमची मशिनं आत्ता बंद हायत न्हवं?"

"व्हय."

"मग ह्यो पंखा कुणाच्या जिवावर फिरतोय? आमच्या कोळशाचा करंट तेवढा तारंतनं हिकडं येतोय. धूर आमीच ठिवून घेतो."

हरिबानं हातातला घास ताटात परत ठेवला. यंत्रं बंद असताना घरात वीज कुठून येते, हे वीजघरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं कधी तिकडं बघितलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी बल्ब लागला. हरिबानं 'कोयनामाई' म्हणून हात जोडले, पण सोडले नाहीत. ते तसेच जोडून तो लेकीकडं वळला.

"माले, पोरीची कापडं पिशवीतनं काढ. हितंच ऱ्हाईल ती. आमचा धूर लय सोसला तिनं."