भाभींच्या घरचं पिल्लू

तळेघरहून मी निघालो तेव्हा अख्खं गाव एसटीला आडवं झालं होतं, असं आळेफाट्यावर मी सगळ्यांना सांगत आलोय. हे तुम्ही तळेघरकरही वाचणार, म्हणून खरं लिहितो: आई होती आणि एक म्हैस होती, तीही रस्ता ओलांडायचा होता म्हणून. आईनं नाचणीच्या भाकरी दिल्या, इतक्या जाड की घाटात एक चाकाखाली सारली असती तर ब्रेकची गरजच पडली नसती. म्हणाली, "फाट्यावर मानसं लई. कुनाशी भांडू नको."

माणसं लई, हे खरं. मी गॅरेजमध्ये लागलो. दिवसभर नगरचे, नाशिकचे ड्रायव्हर. काम सुटलं तरी हॉटेलात बसून त्यांना बिबट्याच्या गोष्टी सांगायचो. माझा बिबट्या दरवर्षी हातभर वाढायचा. हमरस्त्याला लागून घेतलेल्या भाड्याच्या खोलीकडे पायच वळत नसत. तळेघरात माणसं मोजकी, पण घर भरलेलं. इथे बरोबर उलटं.

एकदा एका ट्रकचं बोनेट उघडलं, तर आत ग्रीसनं माखलेलं मांजराचं पिल्लू. किराणावाल्या भाभींनी ते नेलं. भाभी जैन, सासर-माहेर मूळ राजस्थानचं, पण मराठी अशी फर्डी की आमचे गॅरेजचे मालकही हार मानत. सापडलेली पिल्लं दुकानामागं सांभाळायची आणि धडधाकट झाली की पारखून घर द्यायचं, हे त्यांचं काम. पोरीला स्थळ बघतानाही एवढ्या चौकशा होत नाहीत. काही आठवड्यांनी मी ते पिल्लू मागितलं, तर म्हणाल्या, "दार नीट लागतं का? ओरडणार नाही ना?"

"भाभी, आमच्या तळेघरात मांजरं वाघाच्या ताटात जेवतात!"

"थापा नकोत, भाऊ. लाजरी आहे ती. रविवारपर्यंत खाल्लं नाही तर परत आणायची. उपाशी मारायची नाही."

खोलीवर येताच ती पाण्याच्या पिंपामागं गेली. मी सुकट भाजली. वासानं म्हणाल तर नारायणगावापर्यंतची मांजरं दारात जमली, ही मात्र नाकसुद्धा बाहेर काढीना. दूधभाकरी ठेवली, ती सकाळी तशीच. मुंग्या लागतात म्हणून वाटी धुऊन पालथी घालायचो आणि कामावर जायचो. शनिवारी तिची पाठ चिपाडासारखी दिसायला लागली. उद्या पुन्हा रिकामी खोली, या विचारानं मी माझी भाकरीही तशीच झाकून ठेवली. शेवटी दुकान गाठलं.

"वाटी कधी ठेवता?" भाभींनी विचारलं.

"गॅरेज सुटल्यावर. आठ, नऊ."

भाभींनी कपाळाला हात लावला. "अहो, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं. तिचीही वाटी तेव्हाच. नंतर घरात भांडं वाजत नाही."

"म्हणजे मांजरीनं व्रत धरलंय?"

"सवय हो, सवय! आणि अंधारात तुमच्याकडचे हॉर्न ऐकून मीसुद्धा जेवणार नाही."

रविवारी दुपार कलताच मालकांना म्हणालो, "घरी पावणं उपाशी हायेत."

"तुझ्या घरी? लगीन कवा केलंस, राव?"

डोंगरावर ऊन होतं तोवर खोलीवर पोचून वाटी ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. आधी मिशा आल्या, मग एक कान, मग पोट जमिनीला घासत सगळी ती. खाताना एक डोळा माझ्यावर. मी इतका वेळ गप्प बसलो, यावर फाट्यावर आजही कुणी विश्वास ठेवत नाही.

तेव्हापासून गॅरेजात ऊन तिरपं झालं की माझे हात आपोआप पाने आवरू लागले. बिबट्याची वाढ तिथंच खुंटली. तुमच्यातले कुणी मुंबईला, कुणी दुबईला आहेत. तुम्हाला काम आटोपायची घाई कशासाठी होते, हे मला एकदा ऐकायचंय.

मांजरीचं आईला सांगून झालं होतं. एकदा तळेघरातल्या शेजाऱ्यांच्या फोनवर ती होती. मी एसटीडी बूथमध्ये. नेहमीप्रमाणे आईनं विचारलं, "घरी कवा निघतूस?"

"आत्ताच, आई. ऊन उतरतंय, ती वाट बघत असंल."

मी कुठल्या घराचं बोलून गेलो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग आई म्हणाली, "आरं, मंग फोन ठेव की! मुकं जनावर हाय."