विसणाचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला सांगितलं असतं, पण ती आधीच गेल्ती. पोराला सांगायचं तर – तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, असं किती वेळा झालं. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्या सुनेच्या, सुमनच्या डोक्यावर एक दोष आहे. सारा गाव तो तिचा मानतो. ती पण मानते.

आधी माझ्या मुठीचं सांगू द्या. टेंभुर्णीच्या आसपास पेरणी निघाली की लोक मला बोलवायला यायचे. तिफणीच्या चाड्यात बी सोडायचं म्हणजे बोटांना दाणा न् दाणा कळावा लागतो. माझी शाळा चौथीपर्यंत. सारी अक्कल ह्या बोटांत.

मंग एका साली ज्वारी कुठं झुपक्यानं उगवली, कुठं उगवलीच न्हाई. मी बियाला शिव्या दिल्या. सदऱ्याची गुंडी लागेना, तर गुंडीला शिव्या दिल्या. चहाची बशी हातातून सुटली, तर बशी तेलकट होती म्हणलो. कळत होतं का मला? कळत होतं. साठी उलटली होती. पण मूठ गेली म्हणायचं – मंग राहिलं काय?

लेकराच्या आंघोळीचं पाणी म्हाताऱ्या माणसानं हात घालून बघायचं, ही आमच्या घरची रीत. बायको वारल्यावर ते काम मी हट्टानं घेतलं. त्या सकाळी सुमननं चुलीवरचा हंडा आणून घंगाळात ओतला, शेजारी विसणाला गार पाण्याची बादली ठेवली. माझी नात मंगल, तीन वर्षांची, न्हाणीच्या दगडावर बसलेली. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. 'मामा, विसण तुम्हीच घाला बरं का, मी आलेच,' म्हणून सुमन आत पळाली.

मी हात घातला. कोमट लागलं, म्हणून विसण घातलंच न्हाई. वाफ दिसत होती – दिसत होती मला – पण माझा हात असताना डोळ्याचं कोण ऐकतो? तांब्या भरला आणि पोरीच्या पायावर ओतला.

ती किंचाळली तसा मी पुन्हा हात घातला. पुन्हा कोमट. पोरगी उगाच रडून राह्यली, असं वाटलं मला. मंग तिचा पाय पाह्यला.

पोरगा धावत आला. 'विसण कोण घालणार होतं?' आणि मी – काही ठरवलं न्हाई, मुठीतून बी सुटावं तसं सुटलं – 'ही म्हणाली, घातलंय.'

'मी म्हणलं, मामा, तुम्ही घाला.'

'घातलंय म्हणालीस. मी काय बहिरा हाय?'

सुमनच्या डोळ्यांत मला दिसलं – तिला सोताचीच शंका यायला लागल्ती.

त्याच दुपारी भाकर मोडताना माझ्या तीन बोटांवर टरारलेले फोड दिसले. माझाच हात भाजला, आणि मला खबर न्हाई? भाकर तशीच राह्यली ताटात. खरं बोलायला तेवढे फोड बस होते. मी फडकं गुंडाळलं, विळा लागला म्हणलो. संध्याकाळी पोरगा सुमनला तीर्थपुरीला माहेरी सोडून आला. लेकरू इथं, माय तिथं – पावसाळा सरेपर्यंत. 'दुधावर ध्यान, लेकरावर न्हाई,' आडावर बायका बोलायच्या. मी ऐकायचो.

पुढं कधीतरी जालन्याला डॉक्टरकडं गेल्तो, एकटाच. त्यानं डोळे मिटायला सांगितले. 'टोचतंय का, बाबा?' मी म्हणलो, 'टोचा की आधी.' डोळे उघडले तर सुई बोटात. तो म्हणाला, वय झालं की कुणाकुणाचं असं होतं. बोटाची खबर मेंदूपर्यंत जाता जाता विरते, अन् मेंदूचा हुकूम हातापर्यंत उशिरा येतो. 'कधीपासून हाय हे?' 'आत्ता आत्ता,' मी म्हणलो. घरी येऊन सांगितलं, हात बिलकुल चांगला हाय.

मंगलचं लग्न झालं. मागच्या दिवाळीला ती लेकरू घेऊन आल्ती. पायावरचा डाग तसाच आहे. सुमननं घंगाळ भरलं, विसण घातलं, आणि मला हाक मारली. 'मामा, हात घालून बघा. मला माझा भरवसा न्हाई.'

घातला. काहीच लागलं न्हाई – गरम न्हाई, गार न्हाई. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राह्यले. 'बराबर हाय,' म्हणलो, आणि वरून दोन तांबे गार पाणी ओतलं. नेहमीच ओततो.

लेकरू गारठून रडलं. सुमन त्याला पदरात घेत म्हणाली, 'पणजोबाची माया बघ रे. चटका म्हणून बसू देत न्हाईत.'

मी हात धोतराला पुसला.