खलाशाला बुडवण्याची तालीम

आगबोट दाभोळला लागली तेव्हा माझ्या पोटात काही उरलं नव्हतं; होतं नव्हतं ते हर्णैच्या आसपास दर्याला अर्पण झालं होतं. पडाव (उतारूंना किनाऱ्याला नेणारी होडी) वाळूजवळ आला तसा न्यायला आलेल्या एका धिप्पाड गड्यानं मला खांद्यावर घेतलं.

"मास्तर, हलू नका हां, नायतर दोघंबी पान्यात."

मी हललो. दोघंही पाण्यात. माझ्या नाटकाची वही मात्र मी हात उंच धरून कोरडी राखली. रंगभूमीनं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्यात मी तालीममास्तर आहे. शाळांच्या संमेलनांत मुलांना हातवारे शिकवतो आणि फावल्या वेळात शोकांतिका लिहितो. नाटक कंपन्या त्या न चुकता परत पाठवतात. वेळणेश्वराच्या अंगाला असलेल्या एका गावच्या मुंबईकर मंडळींनी महाशिवरात्रीच्या उत्सवाचं नाटक बसवायला मला बोलावलं, तेव्हा मी एकच अट घातली: नाटक माझंच. त्यांना वाटलं, मास्तर नाटकही वर फुकट देतोय.

मला गटांगळ्या खायला लावणारा गडी म्हणजे सखाराम. मुंबईच्या एका मोठ्या बोटीवर खलाशी, रजेवर आलेला, आणि नाटकाचा नायक. खाडी ओलांडून अंजनवेलला उतरलो, गोपाळगड मागे टाकला आणि बैलगाडीत बसलो. तांबडी धूळ नाकातोंडात जात होती, तरी मी सखारामला कथानक ऐकवलंच. नायक दर्यात बुडतो आणि त्याची आई किनाऱ्यावर विलाप करते. विलाप चांगला तीन पानी! तोवर मी समुद्र फक्त चौपाटीवरून, भेळ खाताना पाहिला होता.

सखाराम दर्याच्या बाजूला तोंड करून बसला. मला वाटलं, भारावला.

तालमी देवळाच्या सभामंडपात, दुपारच्या जेवणानंतर. कोवळ्या फणसाची भाजी आणि कुळथाचं पिठलं अंगावर आलेलं, अशा वेळी मी अभिनयाचं शास्त्र सांगायचो. आईचं काम गावचे दुकानदार नाना वाणी करत होते. त्यांनी मिशी उतरवली होती आणि विलाप तोंडपाठ केला होता. दुकानात गूळ जोखतानाही ते "गिळलास रे दर्या, माझ्या बाळाला!" म्हणायचे. बाकी कुणी पाठ करायच्या भानगडीत पडत नसे. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडेल ते बोलायचं, ही इथली रीत. प्रॉम्प्टर अर्थात मी.

बुडायचा प्रवेश आला आणि सखाराम खाली बसला.

"मास्तर, मी बुडायचा नाय."

"अरे, खोटं खोटं! पण असं की लोकांना खरं वाटलं पाहिजे. नट भूमिका जगतो."

"मंग मरायचं काम कुनी जगायचं?"

मागून कुणी तरी हळूच सांगितलं, की सखारामचा बाप गलबतावर गेला तो परत आलाच नाही. आवस (आई) ठकूबाई एकटी असते. उत्सव झाला की सखाराम बोटीवर जायचा, आणि त्याआधी त्यानं देवापुढे बुडायचं म्हणजे दर्याला आमंत्रणच. मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. मंडळी म्हणाली, असेल. देवाला कौल लावू. नव्या नाटकाला कौल घ्यायचा हा इथला रिवाजच. गुरवानं पिंडीवर फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण उजवं फूल खाली पडलं, म्हणजे देवाचा होकार आला, तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्यानं "व्हय महाराजा!" म्हणालो.

देव बोलला, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी ठकूबाई माझ्यासाठी गरम घावनं घेऊन आली, पदर सावरत उभी राहिली.

"मास्तर, एक विचारू? पडदा पडला की तो लगेच उठंल ना?"

"लगेच उठेल हो," मी म्हणालो. हातातलं घावन परत पानात ठेवलं.

नाटकाला सगळं गाव लोटलं. ग्यासबत्त्या लागल्या, निळ्या लुगड्यांच्या लाटा दोन्हीकडून हलू लागल्या, आणि त्यांत सखाराम गळ्यापर्यंत बुडून माझ्याकडे बघत उभा राहिला. वाक्य होतं, "आई, मी चाललो!" मी तोंड उघडलं आणि समोर ठकूबाई दिसली. पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. माझ्यानं होईना हो! माझ्या तोंडून निघालं, "आई, मी आलो!"

सखारामनं क्षणाचाही उशीर केला नाही. लुगडी उडवून तो बाहेर आला. "आये, मी आलो गो!" म्हणत त्यानं नानांना मिठी मारली. पण नानांचा विलाप पाठ होता, आणि तो सोडायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. जिवंत पोराच्या गळ्यात पडून ते "गिळलास रे दर्या!" पासून सुरू झाले आणि तीन पानं संपेपर्यंत थांबले नाहीत. आधी लोक हसले. मग बायका एकेक करून डोळे पुसू लागल्या. त्या गर्दीत दर्यावर माणूस नाही असं घर विरळाच. ठकूबाई हसत होती आणि रडत होती.

"जल्लं मेलं ते नाटक!" नाना विंगेत माझ्यावर खेकसले. "आधी सांगायचं नाय काय? जित्या पोरावर रडलो मी!"

"मग थांबायचं!"

"थांबतोय कसा? एवढं पाठ केलेलं!"

सखाराम आणि मी एकाच आगबोटीनं निघालो. ठकूबाई दाभोळपर्यंत पोचवायला आली. मुलाच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला, मग माझ्याकडे वळली.

"मास्तर, तितं बोटीवर सांगायला कोन आसंल का वं? 'आई, मी आलो' असं बोल म्हनून?"

नाटकातल्या आईच्या तोंडी मी तीन पानं घातली होती; या आईला नुसता नमस्कार केला. मग पडावात चढलो.

मुंबईच्या धक्क्यावर सखाराम त्याच्या बोटीकडे गेला, मी पुण्याला आलो. मित्रांनी पहिला प्रश्न हाच विचारला: काय, शोकांतिका कशी काय झाली?

म्हटलं, अजून कळलेलं नाही. सखाराम दर्यावर आहे.