चारी बाजू उघडी इमारत

नकाशेनाना कुणाच्याही घरात शिरले, की आधी वर बघायचे, मग माणसांकडे. वासे, कौलं, आढं सगळं नजरेखालून घातल्यावर मगच यजमानाला विचारायचे, "बरा मां?" माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच. वर बघत म्हणाले, "बाई, तुमच्या घरात वारो येता, पण बाहेर जावक त्याका वाटच नाय."

पन्नासाचं दशक सरत होतं. मी मालवणच्या बाहेर, माळावरच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच आले होते. मोटारस्टँड माळावर आला आणि त्याच्याभोवती वस्ती वाढू लागली. मास्तर, कारकून, मुंबईच्या पैशावर घर बांधणारे, असे कुठून कुठून आलेले लोक. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नसायचं. नाना माझ्या शेजारच्या खोलीत राहत.

उभी हयात त्यांनी मुंबईत एका इंजिनियरच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली होती. पण कुठलीही इमारत त्यांची नव्हती. कुणाचे जिने, कुणाच्या मोऱ्या, खाली सही साहेबाची. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून गावाकडे परतले. भावाच्या घरी त्यांच्यापुरती जागा उरली नव्हती. भावजयीबद्दल वाईट शब्द मात्र कधी काढला नाही. एकदाच पेज ढवळता ढवळता म्हणाले, "एकटो माणूस जेवता तेवा भांडासुदा वाजणा नाय."

पंचायतीने स्टँडजवळ इमारत बांधायचं ठरवलं. सकाळी बाजार बसावा, दुपारी मोटारीची वाट बघणाऱ्यांना सावली मिळावी, संध्याकाळी भजन, जत्रेला दशावतार, आणि जमलं तर एखादं लग्नही. नानांनी आपणहून नकाशा केला. जांभ्याचे खांब, वर कौलं, मधे बैठा चौथरा, सभोवार बसायला बुटक्या कट्ट्यासारखी लांबच लांब पेळ आणि बाजारात बसणाऱ्यांची तोंडं रस्त्याकडे नव्हे, आत चौथऱ्याकडे.

सभेला मीही होते. सरपंचांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"नानानू, भिंती खंय?"

"भिंती नाय."

"मगे कुलूप खंय लावूचा?"

"दार आसला तर कुलूप. दारच नाय."

"ढोरां शिरतली!"

"शिरांदेत. त्यांकाय पावस लागता."

सभा हसली. नाना हसले नाहीत. हातातली टोपी चुरगाळत ते उभे राहिले आणि एकदम शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तसं म्हणाले, "माणसानं माणसाला येता-जाता दिसलं पाहिजे. एवढंच मला बांधायचं आहे." सरपंचांनी नकाशा घडी करून खिशात घातला, आणि पावसाळा सरल्यावर पायाचे दगड पडले.

इमारत झाली आणि माळाचं गाव झालं. पेळीवर मासे विकणाऱ्या रखमायशेजारी कारकुनाची बायको बसू लागली. मोटार चुकली तरी कुणी चिडेना. नाना मात्र तिथे कधी बसले नाहीत. संध्याकाळी समोरच्या वडाखाली छत्रीवर हात टेकून उभे राहायचे. रखमाय हाक मारायची, "ओ नकाशेवाले, हंय येवा, बसा मरे!" ते हात हलवायचे आणि तिथेच राहायचे.

मी कारण विचारलं. म्हणाले, "थंय बसलंय तर माका छप्पर दिसतला. हयसून माणसां दिसतत."

मला वाटतं, ते खरं कारण नव्हतं. इतकी वर्षं एकट्याने काढल्यावर माणसांत कसं बसायचं हेच ते विसरले होते.

पुढे पंचायत बदलली. तिरका पाऊस आत येतो, बकऱ्या घाण करतात, रात्री पत्ते चालतात, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. नव्या सरपंचांनी खांबांमधे भिंती घालायचं ठरवलं. आत पंचायतीची कचेरी, उरलेल्या जागेत गोदाम. मी रागाने नानांना म्हटलं, "तुम्ही काहीतरी बोला!"

"बोलान काय होतला? तेंका पावसाचो तरास होताच. वळचण थोडी खाली घेवक होयी होती मियां." एवढं बोलून त्यांनी दार ओढून घेतलं.

गवंडी कामावर होते तितके दिवस ते वडाखाली गेले नाहीत. मग आजारी पडले. बेळगावची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. ते मोटारीत बसताना रखमायने सुक्या बांगड्याची पुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नुसती मान हलवली.

वर्षभराने भाचीचा नवरा खोली रिकामी करायला आला, तेव्हा नाना गेल्याचं कळलं. ट्रंक बांधता बांधता त्याने मला विचारलं, "बाई, इथं मामांची फार माणसं होती का हो?"

"का?"

"शेवटी शेवटी रोज दिवेलागणीला विचारायचे, 'आज कोण कोण बसलंय?' आम्हाला काय माहीत! ही आपली मनाला येतील ती नावं सांगायची. गोविंदा आलाय, शांताक्का आलीय. मग गप्प पडून राहायचे. कुठली जागा हो ती? आता आलोच आहे तर बघून जातो."

भिंतींचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. "मोटारीची वेळ झाली," एवढंच म्हटलं आणि ट्रंकेची दुसरी कडी उचलली.