डाव्या पायाचं माप

ताईने कात्री खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "या हिवाळ्यात मी बर्फावर जाणार आहे. स्कीइंग करायला. त्याआधी पाय तयार करायला घरी एक मशीन घ्यायचंय, ते तू निवडून दे."

मी उडालोच. माझी बहीण एकसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे शिवते आणि जिना उतरताना कठडा धरते. मी विचारलं, "ताई, ताप वगैरे आलाय का तुला?"

"ताप तुझ्या डोक्यात. पोरीचा तिथला हा शेवटचा हिवाळा आहे."

पोरगी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. ती दर हिवाळ्यात डोंगरावर नवशिक्यांना स्कीइंग शिकवते. पुढच्या वर्षीपासून ऑफिसात बसणार होती. ताईने तिचे बारा हिवाळ्यांचे जाड अस्तराचे सूट शिवले, प्रत्येक सूट पोस्टाने पाठवला, पण पोरीला उतारावर एकदाही पाहिलं नव्हतं. या वेळी भाची म्हणाली होती, आई, तूच ये, शेवटची विद्यार्थिनी तू. आणि ताईने मला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. एवढंच नाही, स्वतःसाठी निळा सूटही शिवून खुंटीला टांगला होता.

मला विचारलं नाही याचा राग आला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं मी शाळेत व्यायाम शिकवला. पोरगं फाटकातून आत आलं की चालीवरून सांगायचो, याचा खांदा उतरलाय, त्याची टाच दुखतेय. गल्ली अजून मला मास्तर म्हणते. ताईला गल्ली इंचबाई म्हणते, कारण ती अर्ध्या इंचावरून गिऱ्हाइकाशी भांडते. तुम्ही जाड झालात हे ती तुम्हाला तोंडावर सांगेल आणि वहीत लिहूनही ठेवेल. तिच्या मापांच्या वहीत अख्ख्या गल्लीच्या कंबरा आहेत.

तर आम्ही मशीन बघायला गेलो. मी आधीच ठरवून टाकलं होतं, साधी सायकल घ्यायची. बसून मारता येते, गुडघ्याला त्रास नाही आणि चार महिन्यांनी कपडे वाळत घालायला उपयोगी पडते. दुकानात एक टायवाला विक्रेता होता. त्याने धावायचं मशीन दाखवलं, वल्हवायचं दाखवलं, पायऱ्या चढायचं दाखवलं. ताई प्रत्येकाची शिवण बघावी तशी खाली वाकून बघत होती. पट्टा ओढून पाहायची, वेल्डिंगवर नख घासायची.

"स्कीइंगसाठीच हवंय ना, मग हे बघा," म्हणत विक्रेत्याने आम्हाला कोपऱ्यात नेलं. कमानीसारखा एक लोखंडी रूळ, त्यावर पायांसाठी दोन पाट, समोर धरायला दांडा. उभं राहायचं आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ढकलत घसरायचं, उतारावर वळतात तसं. समोरच्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे. उजवा पाय किती जोर लावतो आणि डावा किती.

ताई चपला काढून वर चढली. मी हसू दाबून उभा. ती दहा-बारा वेळा घसरली असेल, तोच विक्रेत्याचा चेहरा पडला. पडद्यावर उजवीकडे एकाहत्तर होते, डावीकडे एकोणतीस.

"मशीन बिघडलंय बहुतेक," तो म्हणाला आणि स्वतः चढला. पन्नास, पन्नास. मी चढलो. बावन्न, अठ्ठेचाळीस. ताई परत चढली. सत्तर, तीस.

"नवीन आहे तुला, घाबरून एका बाजूला झुकतेस," मी म्हणालो. "आणि शिलाई मशीनचं पायडल चाळीस वर्षं उजव्याच पायाने दाबतेस ना, मग तो पाय दणकट होणारच."

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कापडात खोट आहे की उजेडात, हे कळायला कापड उलट करून बघतात." आणि ती मशीनवर उलटी उभी राहिली. पडद्याकडे पाठ, मागे हात करून दांडा धरलेला. आता तिचा डावा पाय उजव्या पाटावर होता. तिने ढकलायला सुरुवात केली. आकडे पालटले. उजव्या पाटावर तीस, डाव्यावर सत्तर.

मशीन धडधाकट होतं.

ताई खाली उतरली, गळ्यातली टेप काढली. ती टेप तिच्या गळ्यात असतेच, लग्नसमारंभातसुद्धा. तिने पँटवरूनच उजव्या मांडीला टेप गुंडाळली. "एकवीस." मग डाव्या. तिने टेप सोडली, पुन्हा गुंडाळली. "एकोणीस."

दोन इंच. मी सुन्न झालो. खेळणाऱ्या पोरांच्या दोन पायांत थोडा फरक असतो, दोन इंच म्हणजे तसला फरक नव्हे. पाय वाळत होता. आणि मला एकदम तिच्या चपला आठवल्या. डाव्या चपलेचं पुढचं टोक झिजलेलं असायचं. वर्षभर मी तिला चिडवत होतो, ताई, पाय उचलून चाल, रस्ता पुसायला ठेवलंय का तुला. मी. चालीवरून टाच ओळखणारा मास्तर.

"हे द्या," ताई विक्रेत्याला म्हणाली.

मी चाटच पडलो. "ताई, आधी डॉक्टर. मशीन कसलं घेतेस आता?"

"तू रोज बघतोस मला. मी स्वतःला रोज बघते. कोणी काही बोललं नाही. हे पहिल्या मिनिटाला बोललं. हेच हवं घरात."

घरी आल्यावर ती कपाटापाशी गेली आणि स्वतःच्या पाच पँटी काढून कटिंगच्या टेबलावर उलट्या पसरल्या. पाच वर्षांच्या पाच. शेवटी खुंटीवरचा निळा सूट. "बघ," म्हणाली.

शिंपी दोन्ही पाय एकदमच कापतो, कापड दुहेरी घडी घालून. त्यामुळे दोन्हींचा घेर सारखाच निघतो. पण शिवून घालून बघितल्यावर हाताला जिथे सैल लागेल तिथे ताई आत घेते. जादा कापड कापत नाही, आत तसंच ठेवते, पुढेमागे सोडायला. पहिल्या पँटीच्या डाव्या पायात आत घेतलेली पट्टी जेमतेम अर्ध्या बोटाची होती. दुसरीत बोटभर. तिसरीत, चौथीत वाढतच गेलेली. निळ्या सुटात दोन बोटं. उजव्या पायात कुठेच काही नाही.

"मला वाटायचं, मशीन कापड ओढतंय," ती म्हणाली. "दर वर्षी मनात यायचं, तेल घालायला हवं. आणि हात आपोआप आत घ्यायचे. बाकी सगळ्यांची मापं टेपने घेते रे मी. स्वतःची कधी घेतलीच नाहीत. जुनी पँट ठेवायची आणि कापायचं."

मला भयंकर भीती वाटली. डोळ्यासमोर सहा कपडे होते आणि त्यांत तिचा पाय बारीक बारीक होत गेलेला दिसत होता. इतक्या सुबक शिवणी होत्या की आरशातही कळलं नसतं. मी उठून नळाखाली तोंड धुऊन आलो. ताई तशीच उभी होती, उजव्या पायावर भार टाकून. तेही मला आजच दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी कमरेचे फोटो काढले. मणक्यापाशी नस दाबली गेली होती, कित्येक वर्षं, तीही फारशी न दुखता. स्टुलावर एका अंगाला बसून बसून ती जागा झिजली असेल, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन लवकर करायचं ठरलं. ताईने बर्फाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "पहिल्याच वळणाला गुडघा दुमडला असता. मग पाय राहिला असता की नाही, सांगता येत नाही." मग पुढे म्हणाल्या, "गेलेलं सगळं परत येईल असं समजू नका. आधी पाय आणखी वाळणं थांबलं पाहिजे. भरणं नंतर."

भाचीला फोन ताईनेच केला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "यंदा नाही जमत. मापात चूक झाली माझ्या." पलीकडून भाची बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. ताईने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली, तिथे नळ सोडून रडली. नळाचा आवाज कशासाठी आहे हे मला कळत होतं. मी आत गेलो नाही. मला तोंड नव्हतं.

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि तोवर दुकानातच ठेवलेलं मशीन पुढच्या खोलीत आलं, कटिंगच्या टेबलाला खेटून. कपडे वाळत घालायची हिंमत कोणाची झाली नाही. रोज सकाळी ताई दांडा धरून पाच मिनिटं घसरते, मी शेजारी उभा असतो. शाळेत होतो तसाच ओरडतो, डावा, डावा, चोरू नकोस. ती म्हणते, मास्तर, हळू, गिऱ्हाईक पळेल.

पहिल्या दिवशीच तिने निळा सूट मांडीवर घेतला आणि डाव्या पायाची आत घेतलेली शिवण उसवली. सगळी, उजव्या पायाइतका घेर होईपर्यंत. ती घालून उभी राहिली तेव्हा डावीकडे कापड लोंबत होतं. ते बघून मला कसंसंच झालं. मी म्हणालो, निम्मी सोडायचीस.

"पुरे झालं झाकणं," ती म्हणाली आणि सूट खुंटीला टांगला.

सहा आठवड्यांनी रविवारी तिने गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. "तू घे माप. माझे हात मला सांभाळून घेतात." वहीत नवीन पान काढलं, वर स्वतःचं नाव लिहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

मी खाली बसलो. उजवी एकवीस. डाव्या मांडीला टेप गुंडाळली आणि, आता लपवून काय उपयोग, अंगठ्याखाली थोडी ढिली सोडली. "साडेएकोणीस," मी म्हणालो.

ताई खिडकीबाहेर बघत होती. खाली न बघता म्हणाली, "ढिली धरलीयस. ओढ."

मी टेप ओढली. आकडा दोनदा वाचला, कारण पाच वर्षं जो पाय दर पँटीला घटत आला होता, तो दुकानातल्या त्या दिवसापासून पाव इंचही घटला नव्हता.

"एकोणीस," मी म्हणालो.

"लिही," ताई म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार न घेता, डावा पाय पुढे टाकून मशीनवर चढली.