एक ‘नाय’

नातीनं पावसात भिजलेलं खोकं घरात आणलं आणि ओल्या पुठ्ठ्याच्या वासानं मी थेट खोपोलीच्या आमच्या पुठ्ठा-कारखान्यात पोचलो.

माझ्या पाळीला पुण्याचा दत्ता होता. मी ‘आहे-नाही’ला ‘हाय-नाय’ म्हणायचो; त्याची नक्कल करून त्यानं माझं नावच ‘हायनाय’ पाडलं. दोन वर्षं सगळी पाळी मला तीच हाक मारायची.

एकदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “तुमच्या पाळीत माल कमी का निघतो? खरं सांग.”

मी वाटच बघत होतो. “दत्ता रोज गठ्ठ्यांमागं झोपतो, साहेब.” त्यात खोटं काही नव्हतं.

साहेब तडक निघाले, मी त्यांच्या मागोमाग. दत्ता झोपलेलाच सापडला.

“आज ताप आहे साहेब, याला विचारा,” तो गयावया करत म्हणाला. सकाळीच त्याच्या हाताला माझा हात लागला होता. चटका बसला होता.

“खरंच ताप आहे का रे याला?” साहेबांनी मला विचारलं.

“नाय,” मी म्हणालो.

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली.

“आबा, आता वाईट वाटतं ना?” सगळं ऐकून नातीनं विचारलं.

“वाटतं की. पण साहेबांनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा नायच म्हणेन.”