मर्कूरचा तुटका जोड

फौजेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढून आलेल्या दादासो यमगरांचा परक्या माणसावर चटकन विश्वास बसत नसे. गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचं एका लेथचं दुकान. सून स्वप्नालीनं त्यांच्या कामाचा व्हिडिओ टाकला आणि महिन्याभरात अमेरिकेतून मेल आली.

“मामा, हेलन म्हणून बाई हायत. नवऱ्याच्या मर्कूर गाडीचा गिअरच्या दांड्याखालचा जोड तुटलाय. करून द्याल का, इचारत्यात.”

“ह्ये नाव कवा ऐकलं न्हाई. फसवाफसवी हाय, पोरी. तिकडं लेथ न्हाईत व्हय?”

स्वप्नालीनं शोधलं. गाडी जर्मनीत बनायची, अमेरिकेत विकली जायची आणि चार-पाच वर्षांतच, एकोणनव्वदच्या सुमारास बंद पडली. आता सामान मिळत नव्हतं.

दादासोंचा संशय उलट बळावला. “बंद पडल्याल्या गाडीपायी एवढी धडपड?” त्यांनी चासी नंबरचा फोटो मागवला, मग बॉनेट उघडून, मग बाईंचा गाडीशेजारी. सत्तरीतल्या बाईंनी न कंटाळता सगळे पाठवले.

“फोटो कुणाचाबी लावत्यात,” दादासो म्हणाले.

हेलनबाईंचं पार्सल आलं, तर दादासो ते दुकानात घेऊ देईनात. बाहेर लिंबाखाली, सुनेला लांब उभं करून, त्यांनी खोकं फाडलं. आत कापडात गुंडाळलेला तुटका जोड. चष्मा लावून त्यांनी तो उलटासुलटा केला. कुणीतरी तो दोनदा सांधून पाहिला होता. कानशीचे वळ ओबडधोबड होते, हात कसबी नव्हता. पण माप चुकू नये म्हणून त्यानं जीव ओतला होता.

“कुणी केलंय ह्ये, इचार त्यांना.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नवऱ्यानं. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी, शेवटच्या आठवड्यात. तिथून ते परत आले नाहीत.

दादासोंनी लेथ सुरू केला. तीन जोड मनासारखे उतरले नाहीत, चौथा पाठवला.

पंधरवड्यानं हेलनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. गाडी चालली म्हणताना त्यांचे डोळे भरले होते.

“दुसरा गिअर अडकतोय का, इचार.”

“न्हाई म्हणत्यात, मामा.”

“भिडंपोटी बोलत असतील. टाकून दाखवा म्हणावं.”

बाई गाडीत बसल्या, रस्त्यावर आल्या, गिअर टाकला. तो न अडकता पडला, गाडी पुढं गेली. दादासोंनी दोनदा परत टाकायला लावला. मग टोपी सारखी करून फोनकडे बघत नमस्कार केला.